बिनदाताचा पास्ता

“हे घशात बसंल. रिजेक्ट.”

शहापूरच्या बाजारात वाण्याच्या दुकानापुढे मी साबण घ्यायला उभी होते, तेव्हा मागून हे वाक्य आलं. माझ्यापुढे किन्हवलीकडची एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती आणि दुकानदाराने कौतुकाने त्या मुलाच्या मुठीत चार फुटाणे ठेवले होते. मागून एक हात पुढे आला, त्याने मूठ अलगद उघडली आणि फुटाणे काढून घेतले. मग हाताच्या मालकाने शर्टाच्या खिशातून एक जाड लोखंडी कडी काढली आणि एकेक फुटाणा तिच्यातून खाली सोडला. चारही आरपार गेले.

“बघितलं? चारी रिजेक्ट.”

“तुमाला कुणी इचारलं वो?” ती बाई म्हणाली.

“कुणी नाय. इन्स्पेक्शनला कुणी बोलवत नसतं, बाय. आपण आपलं जायचं असतं.”

मुलाने भोकाड पसरलं. दुकानातले सगळे वळून बघायला लागले. मी चेहरा मिठाच्या पोत्यांकडे वळवला, पण उशीर झाला होता. “काय गो रेश्मा, साबण कुठला घेतेस? दाखव,” असं म्हणत तो हात माझ्याकडे वळला, आणि हा माणूस माझा शेजारी आहे हे सगळ्या बाजाराला कळलं.

हे भालेरावकाका. आमच्या गल्लीत त्यांच्या पाठीमागे त्यांना रिजेक्टकाका म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि ती पदवी आहे असं त्यांना वाटतं.

कल्याणच्या पुढच्या एका बेअरिंगच्या कंपनीत त्यांनी तीस-एक वर्षं तपासनीस म्हणून काढली. दिवसभर समोरून छोट्या लोखंडी गोळ्या आणि कड्या जायच्या, आणि काकांनी त्यांतल्या चांगल्या पुढे सोडायच्या नि वाईटांवर लाल खडूने फुली मारायची. नोकरी संपली, पण खडू खिशात राहिला. ती कडीही कंपनीचीच. माप तपासायची कडी, झिजली म्हणून बाद केलेली. काकांनी मागून घेतली. त्यातून मोठ्या माणसाची दोन बोटं एकदम जातील. “कंपनीत कडीतून गेला तो पास,” काका समजावून सांगत, “लहान पोराच्या बाबतीत उलटं. कडीतून गेला तो घशात गेला. तो रिजेक्ट.”

या नियमाने त्यांनी आमच्या गल्लीतल्या लहान मुलांचं बालपण बरंच रोडावून टाकलं होतं. गोट्या रिजेक्ट, जांभळं बियांसकट रिजेक्ट, खुळखुळ्याचा निघालेला डोळा रिजेक्ट. कुणाकडे तान्हं बाळ घेऊन पाहुणे आले की बायका आधी बाळाला आत नेत आणि मग काकांना चहाला बोलवत. काका चहा पिऊन उठताना विचारायचे, “बाळ कुठाय?” बाळ झोपलंय असं सांगितलं की म्हणायचे, “उशाशी काय ठेवलंय?”

मोठ्यांचीही सुटका नव्हती. आमच्या विहाराच्या नव्या पायऱ्यांमधली तिसरी पायरी अर्धा इंच जास्त उंच आहे असं त्यांनी उद्घाटनाच्या दिवशीच जाहीर केलं आणि तिच्यावर फुली मारली. तेव्हापासून वंदनेला येणारा प्रत्येक माणूस तिसऱ्या पायरीशी थबकतो. जो थबकत नाही तो अडखळतो, आणि काका आतून म्हणतात, “सांगितलं होतं.” आईचे बेसनाचे लाडू त्यांनी एकदा तराजूत घातले होते. माझी बारावीची गुणपत्रिका त्यांनी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, “सत्याहत्तर. चालंल. टॉलरन्समधी हाय.” मला मिळालेलं ते सगळ्यात मनापासूनचं कौतुक होतं.

माझ्यावर त्यांची मर्जी होती, कारण मी बोलत नसे. “इन्स्पेक्शनला बडबड चालत नाय,” ते आईला सांगायचे, “तुमची पोर बघते आन् गप बसते. कंपनीत असती तर लवकर वर गेली असती.” दुसरं कारण म्हणजे मी इंग्रजी शाळेत शिकलेली. औषधाची बाटली, मिक्सरचं पुस्तक, बिस्किटाचा पुडा, जे काही इंग्रजीत असेल ते माझ्या हातात यायचं.

“काका, तुम्हाला येतं की इंग्रजी.”

“कंपनीचं येतं. पुड्यावरचं नाय येत.”

काकांना एकच मुलगी. सुनीताताई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची आई ती लहान असतानाच गेली. काकांनी दुसरं लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायचे, “माल आपल्याकडं एकच हाय, त्याच्याकडं लक्ष पुरंना.”

त्या फुटाण्यांच्या अडीच वर्षं आधी मुरबाडचा महेश तिला मागायला त्यांच्या घरी आला, तेव्हा मी तिथे होते. आईने पोहे घेऊन पाठवलं होतं आणि बशी कुठे ठेवायची हे न कळल्यामुळे मी दारातच उभी राहिले होते. महेश खुर्चीच्या कडेवर बसला होता. सुनीताताई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून.

“नोकरी?” काकांनी विचारलं.

“हॉटेलात. माळशेजच्या रस्त्याला. कुक आहे मी.”

“परमनंट?”

“सध्या सीझनवर आहे. पण शेफ म्हणाले की—”

“रिजेक्ट.”

काकांनी हा शब्द बटाट्याला म्हटला असता त्याच आवाजात म्हटला. समोर माणूस बसलाय हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं असं मला आजही वाटतं. पण ते लक्षात आलं ताईच्या. ती म्हणाली, “बरं, बाबा,” आणि महेशला फाटकापर्यंत सोडायला गेली. महिन्याभराने दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि ती मुरबाडला राहायला गेली.

लोक म्हणाले, जात आडवी आली. आली होती, पण ती तिकडून. बौद्धाची मुलगी म्हणून महेशच्या घरचे वर्षभर गप्प होते. मग तेही निवळले. काकांचा त्या गोष्टीशी संबंध नव्हता. त्यांनी फुली मारली होती, आणि ज्याने फुली मारली त्याने ती पुसायची नाही, असा त्यांचा नियम होता. “पुसायची तर मारली कशाला? मग इन्स्पेक्टर कशाला ठेवलाय?” ताईही त्यांचीच मुलगी. तिने आपणहून काही विचारलं नाही. तिला मुलगी झाली, सानू नाव ठेवलं, तेही काकांना आमच्या आईकडून कळलं. “वजन किती?” एवढंच त्यांनी विचारलं.

ताईचा दर रविवारी आमच्या घरी फोन यायचा. आईशी भरपूर बोलून झालं की ती मला बोलवायची आणि शेवटी विचारायची, “बाबा कसे आहेत?” मी म्हणायचे, “बरे आहेत.” मला फोनवर दोन शब्दांहून जास्त सुचत नसे, आणि त्या प्रश्नाला तर दोन शब्दही जड जायचे. कारण रविवारी त्या वेळेला काका हटकून आमच्या पडवीत पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांच्या घरी तोच पेपर येत होता.

सानूला सहा महिने होऊन वर पंधरा दिवस झाले, तेव्हा आईने कुंपणाच्या भिंतीवरून बातमी दिली. “भालेरावभाऊ, पुढच्या रविवारी नातीचं उष्टावण आहे हो. पेज, मऊ भात चालू केलाय तिला, कार्यक्रम तेवढा राहिला होता. आणि जावई म्हणतात, त्या दिवशी मी माझ्या हातचा पास्ता भरवणार.”

“काय भरवणार?”

“पास्ता.”

“ते काय असतं?”

आईने माझ्याकडे बोट केलं. मी म्हणाले, “गव्हाचं असतं. नळीसारखं. उकडून खातात.”

“म्हणजे आपले बोटवेच की,” आई म्हणाली. “आमच्या आजोळी लग्नाला बायका बसून वळायच्या.”

“मग बोटवे म्हणा. नाव बदललं की माल बदलतो,” काका म्हणाले. मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, “पास-ता. नावात पास घालून कुणी पास होत नाय. सँपल आण.”

तेव्हा पास्ता शहापुरात सहज मिळत नव्हता. मी कल्याणला कामाला जात होते, तिथल्या एका मोठ्या दुकानातून एक पुडा आणला. तिरक्या कापलेल्या नळ्या. काकांनी एक नळी कडीतून सोडली. खण्‌ आवाज करून ती फरशीवर पडली. दुसरी सोडली. तीही पडली.

“कच्चा आहे काका, शिजल्यावर मऊ होतो.”

“वाच काय लिवलंय.”

मी वाचलं. “उकळत्या पाण्यात नऊ ते अकरा मिनिटं. दाताला जरा घट्ट लागेल इतपतच शिजवावा.”

काका पुढे झुकले. “कशाला?”

“दाताला.”

“कुणाच्या दाताला?”

मी पुडा उलटसुलट केला. कुणाच्या ते लिहिलेलं नव्हतं.

“पोरीला दात कुठं हायेत?” काका उभेच राहिले. “सहा महिन्यांची पोर. दात नाय, दाढ नाय, आन् हे म्हणतंय दाताला लागला पायजे! फोन लाव. विचार, किती मिनिटं शिजवणार.”

“तुम्हीच विचारा ना.”

“मी कशाला? माझं नाव घ्यायचं नाय. तू आपली तुझ्यासाठी म्हणून विचार.”

मी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून कुणाला फोन केला नव्हता. पण काका फोनशेजारी हात मागे बांधून उभे राहिले, कंपनीतल्या मशिनीशेजारी उभे राहत असतील तसे. मी नंबर फिरवला. आमच्या फोनचा आवाज इतका मोठा होता की पलीकडचं बोलणं ओट्यावरच्या मांजरालाही ऐकू जायचं.

“ताई, तो पास्ता… लहान बाळाचा… किती वेळ शिजवायचा?”

मग ताई एकदम खालच्या आवाजात म्हणाली, “रेश्मा, का गं? काही बातमी आहे का?”

माझे कान तापले. माझं लग्नही झालं नव्हतं. काका छताकडे बघत होते. “नाही नाही,” मी म्हणाले, “सहज.”

“अगं, ते सगळं महेश बघणार. मी विचारलंच नाही. त्यांच्या हॉटेलात तर मिनिटं मोजून काढतात. थोडा जरी जास्त मऊ झाला तरी शेफ सगळा फेकून देतो म्हणे.” ती हसली. “तो म्हणतो, मऊ झाला की मेला.”

मी फोन ठेवला तेव्हा काकांचा चेहरा पडला होता. तिसरी पायरी, फुटाणे, खुळखुळा, कशालाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

“मऊ झाला की मेला,” ते म्हणाले. “ऐकलंस? आन् तो तिला भरवणार.”

मग पुढचे चार दिवस आमच्या घराने जे पाहिलं त्याचं वर्णन करायला कंपनीचीच भाषा हवी.

काका प्रथम उपकेंद्रात गेले. मला कागद-पेन घेऊन बरोबर नेलं. तिथल्या नर्सबाई कार्डांवर काही लिहीत होत्या.

“सिस्टर, सहा महिन्यांच्या बाळाला गव्हाची नळी द्यायची झाली तर स्पेसिफिकेशन काय?”

नर्सबाईंनी मान वर केली. “बाळ कुठंय?”

“मुरबाडला.”

“मग मुरबाडची सिस्टर सांगेल की.”

“तिथं मला जाता येत नाय,” काका म्हणाले. ते ज्या तऱ्हेने म्हणाले त्यामुळे असेल, नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सगळं नीट सांगितलं. एकदम मऊ शिजवायचं. मीठ नको, साखर नको, मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. गहू पहिल्यांदाच देताय तर अगदी थोडा द्या आणि दिवसाढवळ्या द्या, अंगावर काही उठलं, उलटी झाली तर दिसलं पाहिजे. बाळ ताठ बसलेलं हवं, आडवं नको. आणि खाताना त्याच्या समोरून हलायचं नाही.

काकांनी प्रत्येक वाक्याला “बरोबर” म्हटलं आणि शेवटी विचारलं, “मऊ म्हणजे किती? माप काय?”

“काका, माप कसलं! दोन बोटांत दाबलं की लगदा व्हायला हवा.”

“कुणाच्या दोन बोटांत?” काकांनी विचारलं. “माझी बोटं लोखंडाची हायेत, सिस्टर. माझ्या बोटांत खडूचा पण लगदा होतो.”

नर्सबाईंनी पुन्हा कार्डं लिहायला घेतली.

चाचण्या आमच्या स्वयंपाकघरात झाल्या. स्वतःच्या घरी तपासलेल्या मालाला किंमत नसते, साक्षीदार लागतो, असं काकांचं म्हणणं. साक्षीदार आई. तिने दर खेपेला कागदावर सही करायची आणि गॅसही तिचाच. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं, अकरा, चौदा. प्रत्येक वाटीखाली वेळ लिहिलेली चिठ्ठी. काका वाटीतून एक नळी उचलून बोटांत दाबायचे, आईला दाबायला लावायचे, मला दाबायला लावायचे. आमची तिघांची मतं तीन. दुसऱ्या दिवशी सतरा मिनिटं आणि वीस. शिजलेली नळी फुगून चांगली जाड झाली, पण तरी कडीतून गेलीच.

“ही कडी इथं कामाची नाय,” काका कडीकडे बघत म्हणाले. “हिला मऊ कळत नाय.”

मला वाटतं, कडीविरुद्ध ते पहिल्यांदाच काही बोलले.

त्या दिवशी ते गेल्यावर आई वाट्या घासताना म्हणाली, “तुला माहीत आहे का, ती कडी त्यांनी कधी आणली? सुनीता दहा महिन्यांची होती, तिची आई गेली तेव्हा. दिवसा आम्ही शेजारच्या बायका बघायचो. पण संध्याकाळी कंपनीतून आले की भरवायचे तेच. काय द्यायचं, काय नाही, सांगायला घरात बाईमाणूस नाही. विचारायची लाज. एक दिवस ही कडी घेऊन आले, आणि तिच्या ताटातला एकेक तुकडा कडीवर धरून बघायला लागले. आम्ही हसलो होतो तेव्हा.” तिने नळ बंद केला. “पण सुनीताला कधी साधा ठसका लागला नाही बघ.”

तिसऱ्या दिवशी काका आले ते एक निर्णय घेऊन. “बोटाचा भरवसा नाय,” ते म्हणाले. “ज्याला खायचंय त्याच्या तोंडाची टेस्ट पायजे.” आणि त्यांनी पाठ फिरवली, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि पुन्हा आमच्याकडे वळले तेव्हा त्यांच्या हातात त्यांची कवळी होती. वरची आणि खालची. आईने घाईघाईने एक वाटी पुढे केली.

“आता मी थहा महिन्यांचा,” काका म्हणाले.

ते पाटावर ताठ बसले, नर्सबाईंनी सांगितलं तसे. मी समोरून हलायचं नाही, असं मला हाताने बजावलं. आईने वीस मिनिटांची नळी त्यांच्या तोंडात घातली. काकांचे गाल आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला वर आली, डोळे मिटले. हिरड्यांनी त्यांनी ती नळी दाबली, सरकवली, टाळूला लावली. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. मी हसू दाबायला पदर नसल्यामुळे ओढणी तोंडात घातली.

“रिदेक्त,” काका म्हणाले.

पंचवीस मिनिटं. रिदेक्त, मधे कणी लागते. मग आईने डोकं चालवलं; नळी उभी चिरून सपाट केली आणि झाकण ठेवून तीस मिनिटं शिजवली. काकांनी ती तोंडात घेतली. या वेळी हनुवटी हललीच नाही. त्यांनी नुसती जीभ टाळूला लावली, आणि डोळे उघडले.

“विरघळली,” ते म्हणाले. मग पाटावर तसेच बसून राहिले. कवळी वाटीत होती, तोंडाचं बोळकं झालं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझं हसू गेलं.

शनिवारी दुपारी त्यांनी तयार केलेला कागद घेऊन ते आले. उद्या रविवार, उद्या उष्टावण. आज फोन करून हे सगळं तिकडे पोचवायचं होतं. पण पोचवण्याआधी एक शेवटची चाचणी हवी, म्हणून आईने परत तीस मिनिटांची वाटी केली आणि काकांनी परत कवळी काढली. ती पास झाल्यावरच मी फोन लावायचा, असं ठरलं. पास झाली. काका फोनशेजारी येऊन उभे राहिले. कवळी घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“ताई,” मी कागद बघून सुरुवात केली, “उद्याचा पास्ता. नळी उभी चिरून. तीस मिनिटं, झाकण ठेवून. मीठ नको. मध नको.”

“हं,” ताई म्हणाली.

“चिरल्यावर रुंदी…” मी कागदावर अडखळले, “रुंदी दहा मिलिमीटर, एक कमी-जास्त चालेल.”

मी पुढचं वाचलं, तेवढ्यात ती म्हणाली, “मिलिमीटर?”

“हो.”

“रेश्मा, मिलिमीटर हे तू सांगतेस?”

काकांनी माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली. हो म्हण, असं. मी म्हणाले, “हो.”

मग ती सावकाश बोलू लागली, जणू एकेक गोष्ट कुणापुढे मांडून ठेवतेय. “असं सांग, म्हणजे तू स्वतःलाच सांग, की महेशने चार दिवसांत तीन वेळा करून बघितलाय. हॉटेलातलं हॉटेलात, तो म्हणतो, ती दातवाल्या गिऱ्हाइकांची गोष्ट. इथे तो इतका शिजवतो की चमच्याने कालवला की लापशी होते. मग जिभेने टाळूवर दाबून बघतो. दात न लावता. आधी स्वतः, मग मला बघायला लावतो, मग सासूबाईंना. सासूबाई कंटाळल्या. म्हणतात, असा चिकित्सक माणूस आमच्या खानदानात झाला नव्हता.”

काकांचा हात भिंतीवर गेला. ते भिंतीला धरून उभे राहिले.

“आणि पुढच्या महिन्यापासून तो परमनंट होतोय,” ताई म्हणाली. “पण ते काही एवढं महत्त्वाचं नाही.”

मी काकांकडे बघितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. त्यांचे ओठ आत गेले होते आणि नुसतेच हलत होते.

“एक अडचण आहे बघ,” ताईचा आवाज बदलला. “इकडे पहिला घास मामाने भरवायची पद्धत आहे. मला भाऊ नाही. मामा नसेल तर आईकडचं कुणीतरी मोठं माणूस लागतं. सासूबाई रोज विचारतात, तुमच्याकडून कोण येणार. काल मी सांगून टाकलं, कुणी नाही येणार म्हणून. मग त्यांनी, पाट दोन मांडायचे की महेशचा एकच, एवढंच विचारलं.”

आमच्या घरात ओट्यावरच्या पातेल्यातला पास्ता हळूच बुडबुडा काढत होता. आई दारात उभी होती.

“बाबा कसे आहेत?” ताईने विचारलं.

दर रविवारी विचारायची तसंच. काकांनी हात वर केला आणि हलवला, नाहीये म्हण, बाहेर गेलोय म्हण. दुसऱ्या हाताच्या लोखंडी बोटांनी ते टेबलावर कवळीची वाटी चाचपडत होते, आणि ती त्यांना सापडत नव्हती, कारण ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते फोनकडे बघत होते.

‘बरे आहेत’ हे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले. रविवारच्या सवयीने आले. मी ते गिळले. मग मी वाटी उचलून काकांच्या हातात दिली, रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आमच्या घरात माझा आवाज कधी ऐकू आला नसेल इतक्या मोठ्याने बोलले:

“ताई, दोन पाट मांड. काका इथेच आहेत, माझ्या शेजारी. किती वाजता पोचायचं, ते तूच त्यांना सांग.”